मोत्यांचे दागिने: दुकानात पारख कशी करायची, घरी निगा कशी राखायची

लग्नसराईत नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या घेताना लोक ठरावीक चुका करतात. आधी घाट आवडतो, मग सोन्याचा भाव विचारला जातो, घडणावळीवर घासाघीस होते आणि मोत्याकडे नीट बघायचं राहून जातं. घरी आल्यावर त्याच दागिन्यावर अत्तराचा फवारा बसतो, रात्री तो घामासकट डबीत जातो आणि वर्षभर लॉकरमध्ये पडून राहतो. काही वर्षांनी मोती मळकट दिसायला लागले की ‘सोनाराने फसवलं’ असं म्हटलं जातं. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा मोती अस्सल असतात आणि चुकीच्या वापराने गेलेले असतात.

खालचे टप्पे क्रमानेच घ्या. नकली मोती बाजूला काढल्याशिवाय कस बघण्यात अर्थ नाही, आणि कस कळल्याशिवाय भावाचं बोलू नका.

## १. दुकानात जाण्याआधीची तयारी

दिवसाउजेडी जा. सराफी दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली आणि काळ्या किंवा लाल मखमलीवर साधारण मोतीही देखणा दिसतो. मोत्यात आजूबाजूचे रंग उतरतात, म्हणून त्या दिवशी पांढरे किंवा फिकट कपडे घाला. गडद लाल साडी नेसून मोत्याचा रंग पारखता येत नाही.

सोबत तीन वस्तू ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरा सुती रुमाल आणि मोबाइलचा टॉर्च. भिंग डोळ्याजवळ धरून दागिना त्याच्याकडे आणायचा असतो. हात लांब करून धरलेल्या भिंगातून काही दिसत नाही.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्नही आधी ठरवून ठेवा. ‘मोती खरा आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ येणार. त्याऐवजी चार पर्याय समोर ठेवा:

- नैसर्गिक: शिंपल्यात माणसाचा हात न लागता तयार झालेला. बसरा मोती यातला.
- समुद्री कल्चर्ड: शिंपल्यात मणी घालून त्यावर थर चढवून घेतलेला. जपानचा अकोया, ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडचा साउथ सी आणि फ्रेंच पॉलिनेशियाचा गडद रंगाचा ताहिती हे यातले मुख्य प्रकार.
- गोड्या पाण्यातला कल्चर्ड: बहुतांश चीनमधून येणारा. यात बहुधा मणी नसतो, आतपर्यंत मोत्याचाच थर असतो.
- नकली: काच, प्लास्टिक किंवा शिंपल्याच्या मण्यावर चमकदार लेप दिलेला.

पहिले तिन्ही अस्सल आहेत, पण त्यांच्या किमतींत प्रचंड फरक असतो. यांपैकी नेमका कोणता, हे विक्रेत्याकडून वदवून घ्या आणि पुढे बिलावर तोच शब्द आणा.

तपासा: कोणता मोती, साधारण किती मिलिमीटरचा आणि रोज घालायला की सणासुदीला, ही तीन उत्तरं तुमच्याकडे हवीत. रोज वापरायच्या कुड्यांना आणि वर्षातून दोनदा बाहेर निघणाऱ्या तन्मणीला सारखाच मोती लागत नाही.

## २. आधी नकली मोती बाजूला काढा

यासाठी तीन तपासण्या, याच क्रमाने.

वेज बघा. मोत्याला पाडलेल्या भोकाच्या कडेवर भिंग धरा. नकली मोत्याचा लेप भोकाशी सोललेला, पापुद्रे निघालेला किंवा थेंबासारखा जमलेला दिसतो. आत काचेची चकाकी किंवा प्लास्टिक दिसलं की विषय संपला. अस्सल मोत्याचं भोक कोरड्या, स्वच्छ कडेचं असतं. मणी घातलेल्या कल्चर्ड मोत्यात वरचा थर आणि आतला मणी यांच्यामधली बारीक रेघही कधी कधी दिसते. रंगवलेल्या मोत्यात भोकाभोवती रंग गडद झालेला असतो, तोही इथेच कळतो.

पृष्ठभाग बघा. अस्सल मोत्याच्या पृष्ठभागावर भिंगातून, आणि मोती उत्तम असेल तर सूक्ष्मदर्शकातून, बोटांच्या ठशांसारख्या नाजूक रेषा दिसतात. त्या एकमेकांवर चढलेल्या थरांच्या कडा असतात. लेप दिलेल्या मण्यावर अंड्याच्या टरफलासारखे बारीक ठिपके दिसतात.

शेवटी खरखर. दोन मोती एकमेकांवर अगदी हलके घासले की अस्सल मोत्यांत खरखर जाणवते, नकली सुळकन घसरतात. दातावर घासायची जुनी रीत हेच सांगते, पण दुसऱ्याच्या दागिन्याला दात लावू नका. ही खरखर नैसर्गिक आणि कल्चर्ड दोन्ही मोत्यांत असते. ‘खरखरतोय म्हणजे बसरा’ हे सपशेल चूक.

> सावध: व्हिनेगरमध्ये बुडवणं, लिंबू पिळणं, काडी ओढून जाळणं, सुईने खरवडणं असले प्रयोग करू नका. मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लात विरघळतो. म्हणजे या परीक्षेत अस्सल मोतीच नापास होऊन परत येतो.

गारवा आणि वजन यांवर विसंबू नका. काचेचा मणीही गार लागतो आणि जड असतो. एवढं मात्र लक्षात ठेवा की स्वस्त सरातले सगळे मोती आकाराने, रंगाने, डागांशिवाय अगदी एकसारखे असतील तर संशय घ्यायलाच हवा.

## ३. आता कस बघा, आणि सुरुवात पाण्यापासून

इथे थोडा वेळ काढा. बहुतेक जण मोती किती मोठा आणि किती गोल एवढंच बघतात. माझ्या मते पहिला निकष पाणी, म्हणजे मोत्याची झळाळी. पाणीदार मोती थोडा वाकडा असला तरी दागिन्यात उठून दिसतो. पाणी नसलेला मोती कितीही गोल असो, गळ्यात खडूच्या गोळीसारखा दिसतो.

पाणी असं बघा. दागिना खिडकीपाशी न्या, पण थेट उन्हात नको. रुमालावर ठेवून मोत्यात खिडकीचं किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब शोधा. त्याच्या कडा धारदार दिसल्या तर पाणी उत्तम. कडा पुसट पण आकार ओळखू येतोय, तर मध्यम. नुसताच पांढरा धुरकट डाग दिसत असेल तर मोती सोडून द्या.

मग थराची जाडी. सर रुमालावर हळूहळू गडगडवा. मोती फिरताना एकदा उजळ, एकदा काळपट असा मिचमिचत असेल तर वरचा थर पातळ आहे आणि आतला मणी डोकावतोय. असा मोती काही वर्षांच्या घामाने आणि घासण्याने उघडा पडतो. ही अडचण मणी घातलेल्या मोत्यांची, विशेषतः स्वस्त अकोयाची आहे.

डागांच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या करा. बारीक खळगे, वळ्या हे नैसर्गिक असतात आणि ते वेजाजवळ असतील तर ओवल्यावर दिसतही नाहीत. पण तडा किंवा टवका वेजापाशी असेल तर तो वाढत जातो. असा मोती बदलून मागा.

आकार आणि रंग शेवटी. रंगात चांगलं-वाईट फारसं नसतं. गव्हाळ वर्णावर हस्तिदंती किंवा किंचित गुलाबी झाक असलेला मोती भगभगीत पांढऱ्यापेक्षा खुलतो असं मला वाटतं, पण ते गळ्याजवळ धरून आरशात ठरवा. जोड मात्र काटेकोर बघा: दोन्ही कुड्यांमधले मोती, चिंचपेटीच्या एका ओळीतले मोती आणि नथीतले लागोपाठचे मोती यांचं पाणी सारखं हवं. एक मोती मंद असला तर पूर्ण दागिना मंद दिसतो.

## ४. ‘बसरा आहे’ असं सांगितलं तर

बसरा म्हणजे इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती. तिथला मोती काढण्याचा मोठा धंदा १९३०च्या दशकात बसला. त्यामुळे आज बाजारात फिरणारा बसरा बहुतांशी जुन्या दागिन्यांमधून उतरवलेला असतो. ‘नवीन माल आलाय, सगळा बसरा’ असं कुणी स्वस्तात देऊ लागलं तर ते गोड्या पाण्यातले बारीक मोती असण्याची शक्यता फार मोठी आहे.

नैसर्गिक की कल्चर्ड याचा निर्णय भिंगाने होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली क्ष-किरण तपासणी लागते, कारण आतली रचना तिथेच दिसते. गोड्या पाण्यातल्या मोत्यात मँगनीजचं प्रमाण जास्त असतं, तेही तिथे कळतं. मुंबईत जीआयएच्या (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) प्रयोगशाळेत मोत्यांची तपासणी होते. बसऱ्याचा भाव द्यायचा असेल तर प्रमाणपत्राशिवाय व्यवहार करू नका, विक्रेता कितीही पिढ्यांपासून ओळखीचा असो. अनेकदा त्यालाही ते नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

> सावध: ‘पणजीची नथ आहे, म्हणजे मोती बसराच’ हे गृहीत धरू नका. कल्चर्ड मोती १९२०च्या दशकापासून बाजारात आहेत आणि जुन्या दागिन्यांतले मोती मधल्या काळात बदललेलेही असतात. वारशाच्या वाटण्या करण्याआधी तपासणी करून घ्या.

## ५. मधले लाल-हिरवे खडे

नथीतला लाल खडा माणिक असेल, कृत्रिम माणिक असेल किंवा काच. कृत्रिम माणिक बनवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्यूई यांची पद्धत १९०२मध्येच जाहीर झाली, त्यामुळे शंभर वर्षांच्या दागिन्यातही तो सापडतो. भिंगातून गोल बुडबुडे आणि वळणदार रेषा दिसल्या तर तो कृत्रिम. पैलूंच्या कडा झिजून गोलावल्या असतील तर काचेची शंका घ्या. माणकाची कठीणता (१ ते १०च्या मोहस मापावर) ९ आहे, त्याच्या कडा सहजी झिजत नाहीत.

आणखी एक प्रकार सर्वांत फसवा: तडे गेलेल्या हलक्या माणकात शिशाची काच भरलेली असते. खडा हलवताना तड्यांत निळसर किंवा नारिंगी चमक दिसते, आत चपटे बुडबुडे असतात. हा खडा लिंबाच्या रसानेही खराब होतो आणि टाका लावतानाच्या आचेने तर बिघडतोच. माणिक म्हणून घेत असाल तर ‘काच भरलेली नाही’ असं लिहून मागा.

पाचूच्या तड्यांमध्ये तेल मुरवणं ही सर्वत्र चालणारी रीत आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्यामुळे पाचूला गरम पाणी, वाफ आणि ॲसिटोन चालत नाही. तेल निघालं की तडे उघडे पडतात.

कोंदण बंद असेल तर खड्याखाली बऱ्याचदा चकाकी देणारा पातळ पत्रा असतो. तो असला तर खड्याचा खरा रंग दिसत नाही. रंगावर पैसे मोजायचे असतील तर उघड्या कोंदणातला खडा घ्या.

## ६. बांधणी

हे पटकन होतं. नथीची तार बोटांनी हलवून बघा: मोती जागेवर थोडे फिरले तर चालतं, पण लटपटता कामा नये. तारेचं टोक मुडपून आत घेतलेलं हवं, नाहीतर ते पदरात अडकून नथ ओढली जाते. कुड्यांची फिरकी मळसूत्रावर शेवटपर्यंत घट्ट बसायला हवी. चापाच्या नथीचा चाप पाच-सहा वेळा उघडून मिटून बघा. सरात दोन मोत्यांमध्ये दोरा दिसत असेल तर तो आत्ताच सैल आहे.

## ७. बिल

हॉलमार्क सोन्याचा असतो. मोत्याबद्दल आणि खड्याबद्दल तो काहीही सांगत नाही. १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असावा लागतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर दुकानातच तपासा. मात्र २ ग्रॅमपेक्षा हलक्या आणि कुंदन, पोलकी, जडाऊ दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. नाजूक नथ यात बसू शकते. अशा वेळी शुद्धतेचा भरवसा बिलावरच असतो.

बिलावर हे वेगवेगळं लिहून घ्या:

- दागिन्याचं एकूण वजन आणि मोती-खडे वजा करून सोन्याचं निव्वळ वजन. सोन्याचा भाव फक्त निव्वळ वजनाला लागायला हवा.
- मोत्यांचा प्रकार, संख्या आणि कॅरेटमधलं वजन. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. रत्ती सगळीकडे सारखी धरत नाहीत, तेव्हा रत्तीवर थांबू नका. सोन्याचं ‘२२ कॅरेट’ ही शुद्धता आहे, तिचा या वजनाशी संबंध नाही.
- खड्यांचं नाव आणि त्यांवर केलेली प्रक्रिया.
- मोड द्यायची वेळ आली तर मोत्यांचे किती पैसे परत मिळतील. बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाहीत, ते आधी कळलेलं बरं.

तपासा: बिलावर नुसतं ‘मोती’ लिहिलं असेल तर ते पुन्हा लिहून घ्या.

## ८. घालताना शेवटी, काढताना आधी

साडी, केस, मेकअप, अत्तर, हेअरस्प्रे सगळं आटोपून दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग मोती घाला. घरी आल्यावर सगळ्यात आधी मोती उतरवा. अत्तरातला अल्कोहोल, स्प्रेमधली रसायनं आणि घामातलं आम्ल थराचं पाणी मारतं.

हळदीच्या कार्यक्रमात खरे मोती घालू नका. हळदीचा रंग दोऱ्यात आणि वेजात शिरला की निघत नाही. त्या दिवसापुरता नकली सर उत्तम. स्वयंपाक, पोहणं आणि आंघोळ यांतही मोती नकोत.

मोत्याची कठीणता साधारण २.५ ते ४.५ एवढीच, म्हणून एकाच गळ्यात मोत्याचा सर आणि टोकदार सोन्याची ठुशी एकमेकांवर घासतील अशी घालू नका. लांबी अशी ठेवा की एक वर, एक खाली बसेल.

## ९. पुसणं आणि धुणं

प्रत्येक वापरानंतर, त्याच रात्री, मऊ मलमलीचं फडकं किंचित ओलं करून मोती पुसा, मग कोरड्या फडक्याने टिपा. हे दोन मिनिटांचं काम नियमाने केलं तर धुण्याची वेळ क्वचितच येते. फडकं स्वच्छ हवं, कारण धुळीतले वाळूचे कण मोत्यापेक्षा कितीतरी कठीण असतात.

मळ साचलाच तर असं करा:

1. कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे दोन थेंब टाका.
2. फडकं त्यात बुडवून पिळा आणि एकेक मोती पुसा. दागिना पाण्यात बुडवू नका. दोरा भिजतो, ताणतो आणि बंद कोंदणात पाणी शिरून पत्रा काळा पडतो.
3. साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने साबण काढा.
4. टॉवेलवर आडवा पसरून रात्रभर वाळवा. टांगून वाळवलात तर दोरा लांबतो.

> सावध: टूथपेस्ट, खायचा सोडा, चिंच, लिंबू, चांदीची पावडर, अल्ट्रासॉनिक मशिन आणि वाफ यांतलं काहीही मोत्याला लावू नका. रिठ्याचं पाणी सोन्याला चालतं, पण ते थोडं आम्लधर्मी असतं, म्हणून मोत्याच्या दागिन्याला नको. सराफाकडे ‘फुकट पॉलिश’ करून घेताना मशिनमध्ये घालणार नाही ना, हे समोर उभं राहून विचारा.

तांदळाच्या पिठात मोती घोळवायची रीत अनेक घरांत आहे. पीठ वेजात आणि गाठींत बसतं, दमट हवेत ओल धरतं. ती रीत सोडा. पिवळे पडलेले मोती हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करायचा प्रयत्नही घरी करू नका.

## १०. ठेवणं

मलमलीत गुंडाळून, वेगळ्या मऊ कप्प्यात, आडवं. हवाबंद प्लास्टिकची पुडी नको आणि मोत्याजवळ सिलिका जेलची पाकिटंही नकोत. मोत्यात थोडं पाणी असतं. हवा अतिकोरडी झाली तर थराला बारीक तडे जातात. कोकणात आणि गोव्यात उलटी अडचण असते: पावसाळ्यात दोरा कुजतो, बुरशी धरते. तिथे दर पंधरवड्याला दागिना काढून पंख्याच्या वाऱ्यावर तासभर ठेवा.

नथ कापसात ठेवू नका, तंतू तारेत अडकतात. डांबरगोळ्या आणि ताज्या पॉलिशचा वास येणारी लाकडी पेटी या दोन्हींपासून मोती लांब ठेवा. लाकडातून निघणारी आम्लाची वाफही मोत्याला खाते. लॉकरमधला दागिना वर्षातून दोन-तीनदा तरी बाहेर काढून घाला.

## ११. गाठवणं आणि दुरुस्ती

नेहमी घालायचा सर वर्षाला, सणासुदीचा दोन-तीन वर्षांनी पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्या. दोरा मळला, सैल झाला किंवा मोत्यांत फट दिसली तर तेवढीही वाट बघू नका. मोठ्या मोत्यांच्या सरात प्रत्येक मोत्यानंतर गाठ मागा: दोरा तुटला तरी एकच मोती सुटतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. तन्मणीच्या बारीक मोत्यांच्या पदरात प्रत्येक मोत्याला गाठ देत नाहीत, म्हणून तिथे दोऱ्याच्या टोकांची बांधणी अधिक लक्ष देऊन तपासा. दोरा रेशमी घ्या. धातूच्या तारेत ओवलेल्या सराची वेजं आतून झिजत जातात.

नथीची किंवा कुडीची तार तुटली आणि टाका लावायचा असेल तर सोनाराला स्पष्ट सांगा: आधी सगळे मोती उतरवायचे, मग आच लावायची. आच लागलेला मोती तपकिरी होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही.

देण्याआधी दागिन्याचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो काढा, मोती आणि खडे मोजा, दुकानातल्या काट्यावर वजन करून पावतीवर तिन्ही गोष्टी लिहून घ्या. परत घेताना तिथेच उजेडात भिंग लावून फोटोशी ताडा: खळगे आणि डाग जिथे होते तिथेच आहेत का, सगळ्यांचं पाणी सारखं आहे का. सुटे झालेले, फुटलेले मोतीही मोजून परत मागा. नवा मोती बसवायचा असेल तर जोड लावताना तेच उपयोगी पडतात.